उत्तर आलं, पण पुरतं आलं का?

डेटाबेसनं एरर दिली तर काम सोपं असतं. लाल अक्षरं दिसतात, ती वाचायची, कारण शोधायचं, दुरुस्त करायचं. खरा त्रास देते ती न कुरकुरता चाललेली क्वेरी. उत्तर येतं, स्क्रीनवर नीटनेटका तक्ता दिसतो, खाली बेरीजही असते आणि त्या बेरजेत काही खेपा धरलेल्याच नसतात. डेटाबेस गप्प, ॲप गप्प, लॉगही स्वच्छ. बोलतो तो शेतकरी, पंधरवड्यानं, बिलात दोन ट्रॉल्यांचं वजन दिसत नाही म्हणून.

माळेगाव बुद्रुकच्या परिसरात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. शिवनगरला साखर कारखाना आहे, गावात इंजिनिअरिंग कॉलेज आहे. पलीकडे सोमेश्वरनगरला आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरलाही कारखाने आहेत. शारदानगरच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या साथीनं उसाच्या शेतातल्या सेन्सरची आणि हवामान केंद्रांची माहिती, उपग्रहाच्या चित्रांसकट, अझूरच्या क्लाउडवर नेली. शिवाय दूध संस्था, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रं आहेतच. त्यांची छोटी-मोठी ॲप इथलीच मुलं लिहितात. हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या तक्त्यावर सही करणाऱ्या हेडक्लार्कसाठीही.

उदाहरणाला एक कल्पित तक्ता धरू. नाव 'खेपा'. काट्यावर ऊस उतरला की एक नोंद पडते: पावती क्रमांक, खातेदार कोड, गाव, हंगाम, वाहन, निव्वळ वजन आणि वेळ. तोडणीच्या फडावरून चिटबॉय मोबाईलवर काही माहिती भरतो, काट्यावरचा ऑपरेटर काही भरतो, आणि ऑफिसात बसलेलं कुणीतरी रोज सकाळी 'कालचं गाळप किती' म्हणून क्वेरी मारतं. आज उत्तर कमी आलंय. आता काय करायचं?

आधी एक हरवलेली खेप हातात घ्या

बहुतेकजण इथं घाईनं क्वेरी उलटसुलट करायला लागतात. तसं करू नका. काट्यावरची छापील पावती मागवा, जी खेप तक्त्यात दिसत नाही तिचीच. मग बाकी कुठलीही अट न लावता, फक्त पावती क्रमांकावर, म्हणजे तक्त्याच्या प्रायमरी कीवर, थेट ती नोंद मागा.

नोंद सापडली तर डेटा शाबूत आहे आणि दोष वाचणाऱ्या क्वेरीचा आहे. नाही सापडली तर ती लिहिलीच गेली नाही, किंवा दुसऱ्याच नावानं लिहिली गेली. पुढचा सगळा शोध या एका उत्तरावर फुटतो, म्हणून त्याआधी दुसरं काहीही करण्यात अर्थ नाही. आणि हे तपासल्याशिवाय 'राहिलेली खेप' हातानं पुन्हा भरायला तर कुणालाच सांगू नका. खेप आत असतानाच ती दुसऱ्यांदा भरली की एकाच ट्रॉलीचं बिल दोनदा निघतं, आणि ते निस्तरणं कमी पडलेल्या बिलापेक्षा अवघड जातं.

किती खेपा कमी आहेत, हे डेटाबेसलाच विचारून कळत नाही. त्याला बाहेरचं माप लागतं. काट्याच्या पावत्या क्रमानं छापल्या जातात. दिवसाची पहिली आणि शेवटची पावती घ्या, मधल्या किती हव्यात ते काढा, रद्द झालेल्या वजा करा. यासाठी डेटाबेसनं स्वतः दिलेला आयडी वापरू नका. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसात एखादा व्यवहार अर्ध्यावर रद्द झाला तरी त्याला दिलेला नंबर परत येत नाही, म्हणून तिथं मधले आकडे तुटलेले दिसणं हा दोष नसतो.

पडदाच छोटा असतो

सापडली ना नोंद? मग सर्वात स्वस्त शक्यता आधी बघा. तुम्ही ज्या प्रोग्रॅममध्ये उत्तर पाहताय, तोच कमी दाखवत असेल. मायएसक्यूएल वर्कबेंच सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे १००० ओळींवर थांबतं. डीबीव्हर आधी २०० ओळी आणतं आणि खाली सरकवत गेलात की पुढच्या. तो तक्ता तसाच कॉपी करून एक्सेलमध्ये टाकला की अपुरं उत्तर कागदावर पक्कं होऊन बसतं. मायएसक्यूएलमध्ये गावनिहाय पावत्या एका ओळीत जोडायला 'ग्रुप कॉन्कॅट' वापरत असाल तर ते मूळ सेटिंगमध्ये १०२४ बाइटवर मजकूर तोडतं. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, तेव्हा आपल्या मजकुराची मर्यादा इंग्रजीच्या मानानं तिपटीनं लवकर येते.

एक्सेलचीही वेस आहे. जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात, नव्यात १०,४८,५७६. २०२० च्या शरदात इंग्लंडच्या आरोग्य खात्याकडून १५,८४१ कोरोनाबाधित वेळेवर मोजले गेले नाहीत, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस साच्यात ओतली जात होती आणि फाइल भरल्यावर पुढच्या ओळी बाहेरच राहत होत्या. एवढ्या मोठ्या यंत्रणेत हे होतं, तर हंगामाची निर्यात फाइल उघडताना शेवटची ओळ कोणत्या तारखेची आहे, हे बघायला आपल्याला काय हरकत आहे?

पाळीपाळीनं येणारं उत्तर

आता क्लाउडची खरी खोड. तिथले बरेच डेटाबेस मोठं उत्तर एका दमात देत नाहीत. नीरा डाव्या कालव्याचं पाणी जसं पाळीनं येतं, तसं उत्तर पानापानानं येतं, आणि पुढचं पान आपण मागायचं असतं. न मागणाऱ्याला पहिलंच पान हे सगळं उत्तर वाटतं.

ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीत एका वेळी जास्तीत जास्त १ एमबी डेटा वाचला जातो. त्यापुढं काही उरलं असेल तर उत्तरासोबत 'लास्ट इव्हॅल्युएटेड की' नावाची खूण येते. ती खूण पुढच्या मागणीला जोडायची आणि ती यायची बंद होईपर्यंत मागत राहायचं. नवख्यांचा घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला, फिल्टरचा. 'गाव माळेगाव बुद्रुक' ही अट फिल्टर म्हणून लावली तर १ एमबी आधी वाचला जातो आणि चाळणी नंतर लागते. त्यामुळं एखादं पान अगदी रिकामं येऊ शकतं आणि तरीही पुढच्या पानावर खेपा असू शकतात. 'यादी रिकामी आली, थांबा' असं ज्यानं लिहिलं, त्याचा कार्यक्रम तिथंच संपला. खूण संपली का, एवढंच बघायचं. दुसरा घोळ 'लिमिट'चा. लिमिट ५० दिलं म्हणजे अटीत बसणाऱ्या ५० खेपा मिळतील असं नाही. ५० तपासल्या जातील, त्यातल्या बसतील तेवढ्या मिळतील. उत्तरात 'काउंट' आणि 'स्कॅन्ड काउंट' असे दोन आकडे येतात. ते शेजारी शेजारी लॉगमध्ये छापा, बरंचसं कोडं तिथंच सुटतं.

अझूर कॉसमॉस डीबीत याच खुणेला 'कंटिन्युएशन टोकन' म्हणतात. पाटी वेगळी, वागणूक तीच. सुपाबेसवर काम करणाऱ्यांना सुरुवातीला १००० ओळींची मर्यादा लागते. प्रोजेक्टचं पहिलं वर्ष सुरळीत जातं, कारण हजार ओळी झालेल्याच नसतात. मग एके दिवशी यादी बरोबर १००० वर थांबते. असा गोल आकडा दिसला की माझं पहिलं बोट मर्यादेकडं जातं, डेटाकडं नाही. १००, २००, १०००, १०,००० हे आकडे निसर्गात सहसा नेमके पडत नाहीत.

साध्या एसक्यूएलमध्येही पानांचा एक सापळा आहे. 'लिमिट ५० ऑफसेट १००' अशी पानं पाडताना क्रम फक्त तारखेवर लावला, आणि एका तारखेच्या शेकडो खेपा असल्या, तर त्या शेकड्यांत कोण आधी हे डेटाबेसवर सोडलेलं असतं. तो प्रत्येक वेळी तोच क्रम ठेवेल याची हमी नाही. मग एक खेप दोन पानांवर दिसते आणि दुसरी कुठंच नाही. एकूण आकडा मात्र बरोबर लागतो! म्हणून क्रमात शेवटी पावती क्रमांक जोडा, आणि जमलं तर ऑफसेटऐवजी 'या पावतीच्या पुढच्या ५०' अशी मागणी करा.

रात्रीच्या गाड्या कुठं गेल्या

कारखान्याचा काटा रात्री थांबत नाही. हंगामात गव्हाणीवर रात्रभर ऊस पडत असतो, आणि आमच्या भागातला सर्वात जास्त फसवणारा दोष या रात्रीच्या खेपांतच लपलेला असतो.

अझूरचा 'सेंट्रल इंडिया' म्हणून ओळखला जाणारा डेटा सेंटरचा विभाग पुण्याचा आहे. माळेगावपासून फार लांब नाही. पण तिथल्या अझूर एसक्यूएल डेटाबेसचं घड्याळ पुण्याचं नसतं, यूटीसीचं असतं. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. १५ जानेवारीच्या पहाटे ३ वाजता वजन झालेली ट्रॉली तिथं १४ जानेवारीच्या रात्री साडेनऊला नोंदलेली असते. आता '१५ जानेवारीच्या खेपा द्या' म्हटलं की मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातल्या सगळ्या गाड्या गळतात, आणि त्यांच्या जागी १६ तारखेच्या पहाटेच्या गाड्या येऊन बसतात. दिवसाचं टनेज साधारण जुळतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. शंका येते ती एखादा खातेदार स्वतःच्या पावतीवरची तारीख घेऊन टेबलासमोर उभा राहतो तेव्हा, किंवा हंगामाच्या पहिल्या दिवशी.

ओळखायचं कसं? एका दिवसाच्या खेपा तासवार मोजा. पाच-साडेपाच तासांचा पट्टा दुसऱ्याच दिवसात सरकलेला दिसला की निदान पक्कं. उपाय असा, की साठवण यूटीसीतच राहू द्या, पण दिवसाच्या सीमा भारतीय वेळेत ठरवून, मग त्यांचं यूटीसी करून क्वेरीला द्या. आणि गाळपाचा दिवस मध्यरात्री बदलायचा की सकाळच्या पाळीला, हे प्रोग्रॅमरनं स्वतः ठरवू नये. शेती खात्यात जाऊन विचारावं.

तारखेचा दुसरा दोष याचाच धाकटा भाऊ. '१ जानेवारी ते ३१ जानेवारी' अशी 'बिटवीन'ची अट वेळ असलेल्या रकान्यावर लावली की ३१ तारखेचा अर्थ ३१ ची मध्यरात्र असा होतो आणि तो दिवस जवळजवळ आख्खा बाहेर राहतो. '१ जानेवारीपासून, १ फेब्रुवारीच्या आधी' असं लिहा.

वर्षाचंही तेच. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तोड दीड वर्षानं. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत जातो. ज्यानं लागणीच्या नोंदी आणि खेपा 'वर्ष २०२४' या एकाच अटीनं जोडल्या, त्याच्या तक्त्यात आडसालीवाले खातेदार दिसणारच नाहीत. सुरू आणि खोडव्याचे काही दिसतील, म्हणून तक्ता वरवर बरा वाटेल. कॅलेंडरच्या वर्षावर चाळणी लावू नका, हंगामाचा वेगळा रकाना ठेवा.

गाव एक, लिहिण्याच्या तऱ्हा अनेक

माळेगाव बुद्रुक, माळेगाव बु., माळेगाव बु॥, माळेगांव बुद्रुक, आणि शेवटी चुकून राहिलेली एक मोकळी जागा. माणसाला हे एकच गाव. डेटाबेसला पाच. 'माळेगावनं सुरू होणारं काहीही' अशी सैल अट लावली तर शेजारचं माळेगाव खुर्दही आत येतं, आणि राज्यभराचा डेटा असेल तर नाशिकचं मालेगाव रोमन लिपीतल्या स्पेलिंगमुळं यात मिसळतं.

देवनागरीत याहून बारीक खाच आहे. बारामतीतून वाहणारी कऱ्हा घ्या. तिच्यातला ऱ काही कीबोर्ड युनिकोडच्या स्वतंत्र ऱ नं लिहितात, काही साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच. बाइट वेगळे, म्हणून 'बरोबर' च्या अटीत एक सापडतं, दुसरं नाही. युनिकोडचं प्रमाणीकरण केलं तरी हा फरक जात नाही, एक रूप वेगळं बदलून दुसऱ्यासारखं करावं लागतं. शंका आली तर दोन्ही मजकुरांची लांबी छापून बघा. डोळ्यांना एकच दिसणारे दोन शब्द लांबीत वेगळे निघाले की चोर सापडला.

यावरचा टिकाऊ इलाज म्हणजे गाव नावानं जोडायचंच नाही, कोडनं जोडायचं. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत गावांचे कोड मिळतात. पण ती यादीही डोळे झाकून घेऊ नका. माळेगाव बुद्रुकला आता नगरपंचायत आहे. कुणी फक्त ग्रामपंचायतींची यादी आणून खेपांशी 'इनर जॉइन' केली तर माळेगावच्या सगळ्या खेपा एका झटक्यात नाहीशा होतील, एकही एरर न येता. जॉइनमुळं गळती होते का हे बघायला 'इनर' काढून 'लेफ्ट' लावा आणि ज्या खेपांसमोर गाव रिकामं आलंय त्या वाचा.

खातेदार कोडाचंही असंच. '००४५२' हा मजकूर आणि ४५२ ही संख्या डायनॅमोडीबीसारख्या डेटाबेसला दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक्सेलमधून फिरून आलेल्या फाइलीत पुढची शून्यं बहुधा उडालेली असतात.

रिकामा रकाना

'स्थिती रद्द नाही अशा खेपा द्या' ही अट साधी वाटते. पण ज्या खेपेची स्थिती कुणी भरलीच नाही, ती 'नल' आहे, आणि एसक्यूएलच्या हिशेबात नल हे 'रद्द'पेक्षा वेगळं आहे की नाही, हे माहीत नाही. माहीत नाही म्हणजे उत्तरात नाही. 'नॉट इन'च्या आतल्या यादीत एखादा नल शिरला तर आख्खं उत्तरच रिकामं येतं.

फायरस्टोअरमध्ये वेगळीच तऱ्हा. तिथं एखाद्या रकान्यावर क्रम लावला की तो रकानाच नसलेल्या नोंदी यादीतून वगळल्या जातात. म्हणजे 'उतारा' हा रकाना यंदा नव्यानं सुरू केला आणि त्यावर क्रम लावला, तर मागच्या हंगामाच्या सगळ्या खेपा गायब. डायनॅमोडीबीच्या दुय्यम इंडेक्सचंही तेच: ज्या नोंदीत इंडेक्सचा रकाना नाही, ती त्या इंडेक्समध्ये नसतेच. मूळ तक्त्यावर आणि इंडेक्सवर एकाच खातेदाराची मोजणी करून बघा, आकडे जुळले नाहीत तर हेच.

थोडं थांबलं की येणारं

काट्यावर नोंद पडली आणि त्याच क्षणी ऑफिसात दिसली नाही, पण चहा पिऊन आल्यावर दिसली, तर तो दोष नाही, ठरलेलं वागणं आहे. क्लाउडमध्ये एका नोंदीच्या अनेक प्रती असतात आणि सगळ्या एकाच वेळी ताज्या नसतात. डायनॅमोडीबीत मुद्दाम सांगितलं तर पक्कं ताजं वाचता येतं, पण ग्लोबल दुय्यम इंडेक्सवर तेही नाही. कॉसमॉसमध्ये ताजेपणाच्या ५ पायऱ्या आहेत. मूळ पायरी 'सेशन'ची, म्हणजे ज्यानं लिहिलं त्याला स्वतःचं लगेच दिसतं, दुसऱ्याला जरा उशिरा. बिलाची मोजणी चालत्या काट्यावर करू नका. पाळी संपल्यावर करा.

परवानगीचं प्रकरण त्याहून सोपं आणि तरी विसरलं जाणारं. पोस्टग्रेसमध्ये ओळनिहाय सुरक्षा चालू असली की ज्याला ज्या गटाचा अधिकार, त्याला तेवढ्याच ओळी दिसतात, आणि बाकीच्या लपवल्याचं डेटाबेस सांगत नाही. तीच क्वेरी ॲडमिनच्या लॉगिननं चालवा. आकडा वाढला तर क्वेरीला हात लावू नका, नियम वाचा.

आणि नोंद मुळात नसेलच तर

मग मागं, लिहिण्याकडं जा. फडात रेंज नसते, चिटबॉयच्या मोबाईलमध्ये नोंदी साठतात आणि ॲप न उघडताच मोबाईल बंद होतो. ॲपमध्ये 'न पाठवलेल्या नोंदी' असा आकडा ठळक दिसला पाहिजे. गठ्ठ्यानं लिहिताना डायनॅमोडीबी एका वेळी २५ नोंदी घेतं आणि ज्या जमल्या नाहीत त्या 'अनप्रोसेस्ड आयटम्स' म्हणून परत देतं. परत आलेलं कुणी उचललंच नाही तर ते तिथंच संपतं. शिवाय नोंदींना मुदत लावलेली असेल तर जुन्या आपोआप पुसल्या जातात, तेही एकदा बघून घ्या.

काही वेळा मात्र माहिती खरोखरच नसते. सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी साधारण ५ दिवसांनी एकाच शेतावरून जाते. पावसाळ्यात ढग असले की त्या फेरीचं चित्र वाया जातं. अशा दिवशी तक्त्यात शून्य टाकू नका आणि ओळही गाळू नका. ओळ ठेवा, किंमत रिकामी ठेवा आणि शेजारच्या रकान्यात 'ढग' लिहा, म्हणजे पुढं वाचणाऱ्याला क्वेरी अपुरी आहे की आभाळ भरलं होतं, हे कळेल.

दोष सापडून दुरुस्त झाला, की त्याच दोषानं मागं कोणकोणत्या दिवसांचे आकडे बिघडवले ते काढा. फक्त तक्रार आलेल्या खातेदाराचं बिल नीट करून भागत नाही, त्याच पहाटेच्या बाकी गाड्यांचे मालक अजून ऑफिसात आलेले नसतात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, तेव्हा ही मागची तपासणी त्या मुदतीत बसायला हवी. रोज पाळी संपल्यावर काट्याच्या पावत्यांची संख्या आणि डेटाबेसातली संख्या आपोआप ताडून पाहणारा एक छोटा कार्यक्रम लावा. फरक शून्य नसेल त्या दिवशी बिलाची फाइल बँकेकडं जाणार नाही, असं कुलूप त्यातच घाला, आणि ते उघडायचा अधिकार प्रोग्रॅमरकडं न ठेवता हेडक्लार्ककडं द्या.